सहा वाट्या आणि एक नाक

सर्व सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, युरोप खंडात दोनेकशे वर्षं चाललेली मोठी वैचारिक क्रांती निपाणी मुक्कामी आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचली, ती एका अमावास्येच्या सकाळी, आमटीला फोडणी बसायच्या आधी. या घटनेची नोंद कुठल्याही इतिहासात नाही. तिला साक्षीदार पाच. त्यांतला एक पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की असं काही घडलंच नाही, आणि एक अजून म्हणते की घडलं खरं, पण छबू सांगते तसं नव्हे. छबू म्हणजे मी. तेव्हा ज्यांना शंका येईल त्यांनी ती खुशाल घ्यावी. सगळ्या भानगडीची सुरुवात शंकेपासूनच झाली होती.

आमचं घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. सकाळी डोळे उघडायच्या आत कानावर चाळण्यांचा आवाज यायचा. वखारीत बायका ओळीनं बसून तंबाखू चाळायच्या, आणि तो खसखस-खसखस आवाज दिवसभर गल्लीला चिकटलेला असायचा, जणू सगळं गावच कुणीतरी चाळून काढतंय. त्या धुळीनं परगावचा पाहुणा दारात आला की आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. आम्ही शिंकत नसू. आमच्या थोरल्या आईच्या भाकरीला, धुतलेल्या लुगड्यांना, माझ्या शाळेच्या पाटीलासुद्धा तंबाखूचा वास होता, आणि तो आम्हाला येत नसे. पुढे बेळगावला आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, या गावाला काहीतरी कमी आहे. नंतर कळलं, वास कमी आहे.

घराचे मालक, पालक, न्यायाधीश आणि सेनापती म्हणजे आप्पा, माझे थोरले चुलते. माझी आई मी चालायला लागायच्या आधी गेली. त्यामुळे मला आणि माझ्या बहिणीला, आक्काला, वाढवलं ते आप्पांच्या बायकोनं. तिला आम्ही थोरलीआई म्हणत असू. आप्पा तंबाखूचे पारखी. व्यापारी त्यांना वखारीत बोलावून न्यायचे, पोतं उसवायचे, आणि आप्पा चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून नाकाशी न्यायचे. डोळे मिटायचे. मिशी एकदा वर, एकदा खाली. मग म्हणायचे, "अकोळची हाय. दुसऱ्या तोडणीची. दव लागलंय." संपलं. त्यावर कुणी बोलत नसे. मोठमोठे जाड सोन्याच्या साखळ्या घातलेले व्यापारी त्या मिशीकडे असे बघत बसायचे, जसं आम्ही निकालाच्या दिवशी हेडमास्तरांकडे बघायचो.

आता गंमत अशी, की हे नाक संध्याकाळी वखारीतच ठेवून घरी यायची आप्पांना सवय नव्हती. बैल घ्यायचा, तर आप्पा बैलाजवळ जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "वास बरा न्हाय." बैल परत. आक्काला एक स्थळ आलं, मुलाचा बाप तासभर बोलत बसला, तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "वास बरा न्हाय." स्थळ परत. दोन्ही वेळा पुढे कळलं की आप्पांचंच बरोबर होतं. बैल मारका निघाला आणि नवरामुलगा त्याहून. मग काय, घरात नाकाचं राज्य पक्कं झालं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे. ज्याला चिमटीतून तंबाखूचं गाव कळतं, त्याला माणसाच्या पोटातलं का कळू नये?

माझे वडील, अण्णा, आप्पांचे धाकटे भाऊ; आप्पा त्यांना अजून ‘शंक्या’च म्हणायचे. ते हायस्कुलात शिकवायचे, आणि शाळेत जे शिकवायला परवानगी नव्हती ते घरी जेवताना शिकवायचे. चुलीवर भाकरी टम्म फुगत असायची, तव्यावर झुणक्याची खरवड लागत असायची, आणि अण्णा युरोपातले जुने विचारवंत एकेक करून आमच्या पंगतीला आणून बसवायचे. त्यांची नावं थोरल्या आईच्या जिभेवर बसत नसत, म्हणून अण्णांनी सगळ्यांचं बारसं नव्यानं केलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं लिहून ते मरेपर्यंत छापायला न धजलेले पोलंडातले ते ‘भित्रे भटजी’. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र बघून धर्मपीठाच्या कैदेत गेले ते इटलीतले ‘दुर्बीणवाले’. शेगडीजवळ बसून सगळ्या जगावर, स्वतःच्या हातापायांवरसुद्धा संशय घेणारे फ्रान्सचे ‘संशयराव’. आणि पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका, करून बघा, असं सांगणारे विलायतेतले एक मोठे वकीलसाहेब. बर्फानं मांस टिकतं का ते बघायला त्यांनी कोंबडीच्या पोटात बर्फ भरला आणि त्यातच गारठून वारले, अशी दंतकथा आहे.

"बरफ कशाला?" थोरलीआई म्हणाली. "हळद-मीठ लावून टांगायची की. दोन दिस काय हुत न्हाय."

"वैनी, त्यांना करून बघायचं होतं."

"बायकोला इचारलं असतं तर जित्ते ऱ्हायले असते."

अण्णांची पंचाईत व्हायची ती आप्पांपुढे. पृथ्वी फिरते म्हटल्यावर आप्पांनी पाटावरची तंबाखूची चंची उचलून दाखवली. "फिरतीया, तर ही सांडत का न्हाय रं?" मग अण्णांनी दुर्बीणवाल्यांचं जहाज काढलं आणि ते लगेच बैलगाडीत बसवलं, कारण जहाज आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. चालत्या गाडीत उभं राहून आंबा वर फेकला, तर तो मागं रस्त्यावर पडतो की हातात? आप्पांनी विचार केला. "हातात," ते म्हणाले, आणि पुढचे दोन घास सावकाश चावून खाल्ले. मला वाटतं, निपाणीत पृथ्वी फिरायला लागली ती त्या दोन घासांच्या दरम्यान.

पण आमच्या घरात सगळ्यांत लाडके होते ते ‘करारवाले डॉक्टर’. राजाला देवानं नेमलेलं नाही, लोकांनी आपसात करार करून त्याला बसवलंय, आणि त्यानं करार मोडला तर लोकांनी त्याला उठवावं, असं त्यांचं म्हणणं. हे सांगताना अण्णा खिडकी लावून घ्यायचे, कारण गोऱ्या साहेबाचं राज्य होतं आणि गल्लीत कान होते. थोरल्या आईनं एकदा भाकरी उलटता उलटता विचारलं, "मग हितल्या सायबासंगं करार कुणी केला? मला तर कोण इचारायला आलं न्हाय." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, वीस वर्षं शिकवतोय, असा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. आणि आक्का, जी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि बोलायची कमी, ती ताटात बघत म्हणाली, "अण्णा, आणि घरातल्या राजाचा करार?"

अण्णांनी ताक मागितलं.

त्यांना दोष देणं सोपं आहे, मी स्वतः पुष्कळ वर्षं दिला. पण ते आप्पांच्या पुढे बोलत नसत याला कारण होतं. दोघं भाऊ लहानपणी एकाच शाळेत होते. आजोबा गेल्यावर एकाला शाळा सोडावी लागणार होती. आप्पांनी पाटी धाकट्याच्या हातात दिली आणि ते पोती उचलायला वखारीत गेले. आप्पांना अक्षर कधी आलं नाही. सहीच्या जागी ते अंगठा करायचे, आणि तो इतका ठाम करायचे की कागद फाटेल असं वाटायचं. जगातल्या कुठल्याही राजावर अण्णा शंका घेऊ शकत होते. ज्यानं आपली पाटी दिली त्या एका माणसावर घेऊ शकत नव्हते.

आणि मग बेळगावहून पत्र आलं. आक्कानं अण्णांच्या मदतीनं, चोरून नव्हे पण सांगूनही नव्हे, बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात अर्ज केला होता. पत्रात लिहिलं होतं की प्रवेश मिळाला आहे, राहायची सोय आहे, आणि पालकांच्या संमतीचा सोबतचा कागद शनिवारच्या आत परत पोहोचला पाहिजे. न पोहोचल्यास जागा दुसरीला. बेळगावातच टिळकवाडीत अण्णांचे एक मित्र राहायचे, ते लक्ष ठेवतो म्हणाले होते. अण्णांनी पत्र आप्पांना वाचून दाखवलं. आप्पांनी पूर्ण ऐकलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "बेळगाव न्हाय. वास बरा न्हाय."

वडील म्हणून सही अण्णांचीच चालली असती. पण आप्पांनी नको म्हटलेल्या कागदावर अण्णांची लेखणी उठेना. तो कागद ते कोटाच्या खिशात घालून रोज शाळेत न्यायचे आणि रोज परत आणायचे. आक्का रडली नाही, रुसली नाही. ती फक्त रोज संध्याकाळी कोटाच्या खिशाकडे बघायची. बुधवार गेला. गुरुवारी अमावास्या, वखारी बंद, आप्पा दिवसभर घरी. त्या सकाळी आक्का आप्पांच्या समोर येऊन बसली.

"आप्पा, तुमचं नाक कधीच चुकत न्हाय?"

"न्हाय."

"करून बघायचं?"

आप्पा खूश झाले. त्यांच्यात एक नाटकवाला होता, तोच पुढे माझ्यात उतरला असं थोरलीआई म्हणायची. आक्कानं अट घातली. डोळ्यांवर फडकं बांधायचं, सहा वाट्यांत सहा तंबाखू. एक जरी चुकली तर आप्पांनी अण्णांना म्हणायचं, कर सही. "आणि सगळ्या बरोबर आल्या तर?" आप्पांनी विचारलं. "तर मी बेळगावचं नाव पुन्हा काढणार न्हाय." आप्पांनी हात पुढं केला. "दे टाळी." टाळीचा आवाज ऐकून अण्णा आंघोळीवरून ओलेच बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

पण एकदा प्रयोग म्हटल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला. सगळ्या वाट्या एकसारख्या हव्यात, पितळेच्या, राखेनं घासलेल्या. वाट्या भरणाऱ्यानं परीक्षेच्या वेळी खोलीत थांबायचं नाही, चेहऱ्यावरून कळतं. म्हणून आक्कानं आप्पांच्या घरातल्या नमुन्यांच्या पुड्यांतून वाट्या भरायच्या, खाली खडूनं आकडे घालायचे, कुठल्या आकड्यात काय ते माझ्या पाटीवर लिहायचं आणि परसात जायचं. मी आप्पांच्या पाठीमागे पाटी घेऊन बसायचं. थोरल्या आईला सांगण्यात आलं की परीक्षा संपेपर्यंत फोडणी घालायची नाही, वास मिसळेल. "आणि दुपारी जेवाय काय वाढू, शंका?" ती म्हणाली, पण तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

आक्कानं सापळाही लावला होता. पहिल्या आणि चौथ्या वाटीत एकच तंबाखू. सहाव्यात दोन गावांची एकत्र. मी पाटी छातीशी धरली आणि मनातल्या मनात नाचले. आप्पा फसणार!

आप्पांनी पहिली वाटी घेतली, चोळलं, हुंगलं. "जत्राट." बरोबर. दुसरी. "अकोळ. जुनी हाय, गेल्या सालची." बरोबर. तिसरी. "भोज." बरोबर. चौथीला मिशी वर गेली आणि वरच राहिली. "ही मघाचीच. पयलीतली. शंक्या, मला येडा समजलास व्हय रं?" अण्णांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पाचवी बरोबर. सहावीला वेळ लागला. वखारी बंद, चाळण्या बंद, गल्ली इतकी शांत की परसातल्या दोरीवर लुगडं फडफडलेलं ऐकू यायचं. आप्पांनी दोनदा चोळलं. "जत्राट," ते म्हणाले.

मी श्वास सोडला, पण ते थांबले नव्हते.

"जत्राट हाय, त्यात कुणीतरी अकोळची मूठ घातलीया. आणि घालणारीनं त्याआधी कांदा चिरलाय."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. पाटी फक्त मला दिसत होती. आक्का परसातून दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या हाताला खरंच कांद्याचा वास असणार. मी आजवर पुष्कळ खोटं बोलले आहे, त्यातलं बरंचसं मनोरंजनासाठी. पण त्या क्षणी जे बोलले ते मनापासून बोलले.

"चूक!" मी म्हणाले. "सहावी चूक. ती बेनाडीची हाय."

आप्पांचा हात वाटीतच राहिला. फडक्याखालचा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. तो चेहरा मला आजही दिसतो, आणि आजही मी त्यावरून नजर काढते. ते चिडले नाहीत. त्यांनी पुन्हा चिमूट उचलली, पुन्हा हुंगली, आणि अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "चुकली?"

आक्का आत आली. "छबू, पाटी दाव."

"आक्का..."

"दाव."

तिनं पाटी घेतली, अण्णांना दाखवली, आणि आप्पांच्या पुढे बसून म्हणाली, "चुकली न्हाय आप्पा. सहाच्या सहा बरोबर. पोर खोटं बोलली. मी हारलो."

आमच्याकडं बाया ‘मी हारलो’ असंच म्हणतात. मला त्या वेळी तिचा राग आला. इतका की मी पाटी आपटली आणि तिचा कोपरा उडाला. कोणी बघत नव्हतं, कोणी तपासलं नसतं, एका शब्दानं ती बेळगावला गेली असती. अण्णांचे सगळे दुर्बीणवाले आणि कोंबडीवाले मला त्या क्षणी एकसाथ विहिरीत ढकलावेसे वाटले. पुढे मी स्वतः शिकवायला लागले, प्रयोगाचं उत्तर आपल्याला हवं तसं आलं नाही तरी ते तसंच लिहायचं हे मुलींना सांगायला लागले, आणि दर वेळी तो रागही परत यायचा. अजून येतो.

आप्पांना मात्र तरतरी आली. नाक शाबूत होतं. फडकं तसंच ठेवून ते हसले, मांडी बदलली, आणि हात पुढं पसरून म्हणाले, "आणि हाय का काय? आणा."

आक्कानं अण्णांकडे बघितलं. अण्णांचा कोट खुंटीला होता. ती उठली, खिशातून तो कागद काढला, आणि आप्पांच्या पसरलेल्या हातावर ठेवला. "हे बघा," ती म्हणाली. बेळगावचं नाव तिनं काढलं नाही. टाळी दिली होती.

आप्पांनी कागद नाकाशी नेला. "कागद हाय. डिंक लावलेला. खडूचा वास, म्हंजी शंक्याच्या खिशातला." त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "हितं कोपरा मऊ पडलाय. कुणीतरी लई येळा उघडलाय आणि मिटलाय."

"काय लिव्हलंय त्यात?"

आप्पा खदखदून हसले. "लिव्हलेलं वासावर कसं कळंल गं, येडे? नाक हाय ते. डोळं न्हाईत."

हसणारे ते एकटेच होते. त्यांनाही ते कळलं असावं, कारण हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी फडकं वर सरकवलं, कागद डोळ्यांसमोर धरला, आणि तो उलटा धरला होता. अण्णा भिंतीपासून एक पाऊल पुढे आले, आणि पुन्हा भिंतीला जाऊन टेकले. टाळी आक्काची होती, ती बांधलेली. अण्णा तर लहानपणी भावानं दिलेल्या त्या पाटीपासून बांधलेले. मी खोटारडी ठरलेली. घरात ज्यानं त्या दिवशी कुणालाच काही कबूल केलं नव्हतं, असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते विझलेल्या चुलीपुढे कालथा घेऊन बसलं होतं. थोरलीआई चारचौघांत आप्पांशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असेल तर ‘त्यास्नी म्हणावं’ असं आमच्यापैकी कुणाकडे तरी बघून सांगायची. त्या सकाळी ती उंबऱ्यापर्यंत आली, आमच्या कुणाकडे बघितलं नाही, आणि आप्पांच्या तोंडाकडे सरळ बघून म्हणाली,

"अवो, मग जिला वाचाय येतंय तिला जाऊ द्या की!"